मूठ सोडून रंगवलेली मशाल

आमच्या घरात बिनरंगाची वस्तू फार दिवस टिकत नाही. हे मी कौतुकानं नाही, वैतागानं सांगतेय. रोह्याजवळच्या एका भातशेतीच्या गावातून मी पेणला सून म्हणून आले, ती थेट गणपतीच्या कारखान्यात. पुढे कारखाना, मागे आमचं बिऱ्हाड. माहेरून आणलेला माझा बसायचा पाट पहिल्याच महिन्यात गुलाबी झाला. मग रेडिओच्या कडेनं सोनेरी वेल चढली. सुपाच्या कडा, उंदराचा पिंजरा, विजेच्या मीटरची पेटी, काही म्हणून सुटलं नाही. हे सगळं माझ्या सासऱ्यांचं काम. मी त्यांना तोंडावर मामंजी म्हणायची आणि मनात बरंच काही म्हणायची.

मामंजींचं म्हणणं साधं होतं. आपल्या दारातून ओबडधोबड वस्तू बाहेर पडायची नाही. हात जरा कापायला लागला तेव्हा मूर्तींचे डोळे काढायचं काम त्यांनी आपणहून मुलाकडे, म्हणजे आमच्या ह्यांच्याकडे सोपवलं. त्यानंतर तर घरातल्या वस्तूंची धडगत नव्हती. उरलेल्या रंगाचे डबे समोर दिसले की म्हातारा बेचैन व्हायचा. मी एकदा चिडून म्हटलंसुद्धा, "मामंजी, आता मलाच काय तो एक हात मारायचा राहिलाय." तर ते शांतपणे म्हणाले, "तू आहेस ती ठीक आहेस, सूनबाई."

हे आधी सांगून ठेवलं, कारण पुढची सगळी धांदल याच सवयीतून झाली.

माझी एकुलती एक लेक तेव्हा दहावीला होती. पोरीच्या पायाला भिंगरी. तालुक्याच्या शर्यतीत तिच्या पुढे कुणी गेलेलं मी पाहिलं नाही. पण ही एवढी दांडगी पोर एका गोष्टीपुढे अगदी गोगलगाय व्हायची. आगीपुढे. लहान असताना स्टोव्हचा भडका उडाला होता आणि तिचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. जखम भरली, चामडी चुरगळलेली राहिली, आणि भीती काही केल्या जाईना. घरात शेकड्यांनी गणपती, पण आरतीला ही माझ्या पाठीमागे. ताट पुढे आलं की मीच हात ज्योतीवर धरायचा आणि मीच तो तिच्या डोक्यावरून फिरवायचा. थंडीत माझ्या माहेरी शेतात पोपटी लावतात. मडक्यात वालाच्या शेंगा भरायच्या, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. सगळी भाचरं जाळाभोवती नाचायची आणि ही बांधावर पाठ करून बसायची. शेंगा शिजल्या की तशीच न वळता हात मागे करायची.

घरात काडेपेटी मी फडताळात, पोह्याच्या पापडांच्या डब्यामागे ठेवायची. तिच्या नजरेला नको. साधा चहासुद्धा मी तिला कधी करू दिला नाही. शेजारणी म्हणायच्या, पोरीला फार लाडावून ठेवलंय. म्हणेनात का, त्यांच्या पोरीला भाजलं नव्हतं.

त्या वर्षी आपल्या देशात मोठ्या स्पर्धा भरायच्या होत्या. परदेशचे खेळाडू येणार, आणि त्याआधी त्या स्पर्धांची ज्योत गावोगाव फिरत राजधानीला जाणार. आमच्याकडे ती गोव्याच्या बाजूनं महामार्गानं येणार होती. वडखळ ते पेण हा रस्ता धावणाऱ्या मुलामुलींत वाटून दिला होता. एके दिवशी शाळेचे पीटीचे सर घरी आले. पोह्याचा पापड मोडता मोडता म्हणाले, "वहिनी, तुमच्या लेकीचं नाव दिलंय. शेवटचा टप्पा. पेण गावात मशाल घेऊन हीच शिरणार."

मी तोंडाला पदर लावला. सरांना वाटलं, आनंद झाला. आनंद कसला, मला तो स्टोव्हचा भडका दिसत होता. सरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. हातावरचा डाग दिसायचा, पण शर्यतीत डाग कोण बघतो?

सर गेल्यावर मी म्हटलं, "मी उद्या जाऊन सांगते त्यांना."

"आई, तुला माझी शपथ आहे," लेक म्हणाली. "सांगितलंस तर ते दुसऱ्या कुणाला देतील."

"अगं, पण धरशील कशी? पेटलेली असते ती."

"ते मला नाही माहीत. पण मला एकदा धरायचीय. जन्मभर का मी आरतीला तुझ्या पाठीमागे उभी राहू?"

मी सरांकडे गेले नाही. कारण मलाही तेच हवं होतं. ती धावो न धावो, नंबर येवो न येवो, मला त्याचं काही नव्हतं. पण ही भीती एकदाची गेली पाहिजे, हे माझं रोजचं मागणं होतं. आणि सगळ्या तालुक्यासमोर तिनं मशाल टाकली असती, तर ती पोर पुन्हा कधी कुठल्या दिव्याजवळ उभी राहिली नसती, हेही मला स्वच्छ दिसत होतं.

सराव सुरू झाला. रोज सकाळी उजव्या हातात माझं लाटणं उंच धरून ती अंगणाला फेऱ्या मारायची. लाटणं झकास धरायची. मग एकदा मी अंगणात मेणबत्ती लावली आणि तिला हाक मारली. दारापर्यंत आली, ज्योत बघितली, आणि "उद्या करू" म्हणून आत गेली. तो उद्या काही उगवला नाही.

ज्योत यायच्या आदल्या दिवशी सकाळी सगळ्या मुलांना आपापली मशाल मिळाली. घरी न्यायची आणि दुसऱ्या दिवशी ठरल्या जागी घेऊन यायची. लेकीनं ती देव्हाऱ्यापुढे आणून ठेवली आणि मी बघतच राहिले. एवढा गाजावाजा, आणि वस्तू बघाल तर काय? वर वाटी, वाटीत वात, खाली पत्र्याचा लांब दांडा. दांड्याला पोचे आलेले, मूळचा रंग ठिकठिकाणी उडालेला. कुठल्या कुठल्या गावच्या सरावात आपटून आली असेल कोण जाणे. मामंजी चष्मा पुसून पुसून बघत होते. "ही असली?" ते म्हणाले. "माझी नात ही असली वस्तू घेऊन गावात शिरणार?"

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण रोह्याहून माझा भाऊ भाताच्या झोडणीचं काम टाकून भाचीचं धावणं बघायला येत होता, त्याला आणायला मी आणि लेक स्टेशनवर गेलो. आमचे हे एका गिऱ्हाइकाशी बोलत पुढे बसलेले. परत आलो तर मशाल ओट्यावर उभी केलेली आणि मामंजी हात पुसत बाजूला बसलेले.

काय सांगू, डोळे दिपले. पोचे भरून काढलेले. वाटीपासून खाली सोनेरी रंग, त्यावर लाल बारीक वेल, आणि वरून वॉर्निशचा हात. वाटीखाली तर नुसत्या ब्रशनं एक कमळ उमलवलं होतं. कापऱ्या हाताच्या माणसानं हे कसं केलं, देव जाणे. फक्त खाली, जिथे धरायचं तेवढी जागा तशीच उघडी होती, जुना पत्रा.

"मुठीला का नाय लावला रंग?" माझ्या भावानं विचारलं.

"उद्यापर्यंत पुरता वाळला नाही तर बायच्या हाताला लागेल," मामंजी नातीकडे बघून म्हणाले.

"पण झकास दिसते हां, ताई," भाऊ मला म्हणाला. "देवळातली वाटते."

लेक तर आजोबांच्या गळ्यातच पडली. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा त्या म्हाताऱ्याच्या रंगावर खूश झाले. हे येऊन बघून गेले, कमळाची एक पाकळी जरा जाड झाली म्हणाले. घरभर टर्पेंटाईनचा वास. एवढी आम्ही शहाणी माणसं, पिढ्यान् पिढ्या रंगात बुडालेली, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही की ही वस्तू पेटवायची आहे! येणार कसं? आमच्या कारखान्यातून गेलेली वस्तू शेवटी पाण्यात जाते. आगीत जाणारी वस्तू आमच्या हातून कधी गेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी हे मामंजींना घेऊन पेणच्या नाक्यावर गेले, तिथे मंडप घातला होता. मी आणि भाऊ लेकीबरोबर तिच्या टप्प्याच्या सुरुवातीला, महामार्गाच्या कडेला उभे राहिलो. खाडीकडच्या गावांतल्या, मिठागरात काम करणाऱ्या बायका घोळक्यानं आल्या होत्या. कडक इस्त्रीची लुगडी, हातात आरतीची ताटं, डोक्यावर पाण्याच्या कळशा. त्यांच्या लेखी ही पालखीच. पालखी दारात आली की खांदेकऱ्यांच्या पायावर पाणी घालायचं, ओवाळायचं, मग पुढे जाऊ द्यायचं. सर हात जोडून सांगत होते, "मावशी, वेळ नाही, साहेबांची जीप मागे आहे." मावशी कुठल्या ऐकतायत! एकीनं लेकीच्या बुटांवर बदाबदा पाणी ओतलं. दुसरीनं निरांजन थेट तिच्या तोंडासमोर नेलं. लेक एवढी मागे सरकली की माझ्या पायावर पाय पडला.

"काय गो, एवढी उंच नि दिव्याला भितेस?" ती बाई हसून म्हणाली.

लेकीचा चेहरा पांढरा पडला होता. मी तिच्या कानाशी म्हटलं, "नको असेल तर आत्ता सांग. मी चक्कर आल्याचं नाटक करते." खरंच करणार होते. मी रस्त्यात आडवी पडले असते तर कुणाची हिंमत होती मला उठवायची?

"गप गं आई," ती म्हणाली.

इतक्यात आरडाओरडा झाला. आधीच्या टप्प्यातला मुलगा धावत आला. त्यानं आपली मशाल तिरकी करून लेकीच्या मशालीला लावली. लेकीनं डोळे गच्च मिटले. हात मात्र खाली आला नाही. वातीनं पेट घेतला, बायकांनी एकच गलका केला, आणि सर ओरडले, "धाव!"

तिनं डोळे उघडले, पण वर बघितलं नाही. समोर रस्त्याकडे बघत धावत सुटली. मी हात जोडले. धरली, माझ्या बाईनं धरली! एवढंच मी पुटपुटत होते, तेवढ्यात भाऊ म्हणाला, "ताई, तो जाळ खाली का येतोय?"

मी बघितलं. वाटी तापली होती आणि तिच्याखालचं कमळ पेटलं होतं. वॉर्निशवरून जाळ सरसर खाली उतरत होता, वेलीच्या वळणावळणानं. तोही साधा नाही, सोनेरी रंगात पितळेची पूड, त्यामुळे हिरवागार. लोकांना वाटलं ही काही खास व्यवस्था आहे. टाळ्या वाजवायला लागले! "बघ गो बघ, हिरवी मशाल!" कुणाला कळत नव्हतं, मला कळत होतं. त्या जाळाच्या वाटेवर पुढे माझ्या लेकीचा हात होता.

मी नेसूचं खोचलं आणि धावत सुटले. भावानं एका बाईच्या डोक्यावरची कळशी काढून घेतली आणि तोही निघाला. ती बाई कळशीसाठी आमच्या मागे. जीपमधले साहेब भोंग्यातून ओरडत होते, "पाणी टाकू नका! ज्योत विझेल! ज्योत विझता कामा नये!"

"चुलीत गेली तुमची ज्योत!" मी ओरडले. "माझी पोरगी जळतेय!"

"टाक गो खाली!" भाऊ कळशी हिंदकळत ओरडत होता. "बाय, टाक ती मशाल!"

पण आमचा आवाज तिच्यापर्यंत जाणार कसा? दोन्हीकडे टाळ्या, ताशा, शाळेच्या पोरांच्या घोषणा. आणि आम्ही तिला गाठणार कसे? जिला तालुक्यात कुणी गाठलं नाही, तिला मी पाचवारी नेसून गाठणार होते? अर्ध्या रस्त्यात माझी चप्पल तुटली. भावाच्या कळशीतलं पाणी त्याच्याच अंगावर संपलं. लेक आपली हात उंच धरून पुढे पुढे चाललेली, आणि तिच्या डोक्यावर तो हिरवा जाळ.

नाक्याच्या वळणावर ती दिसेनाशी झाली. तेवढा तुकडा मी कसा पार केला, मला आठवत नाही. देवाला काय काय बोलले तेही आठवत नाही, आणि आठवलं तरी लिहिणार नाही.

मी मंडपात पोचले तेव्हा तिनं मशालीनं मंचावरचा मोठा दिवा लावला होता. बँड वाजत होता. आमचे हे घामाघूम होऊन तिच्या हातातली मशाल पाण्याच्या बादलीत खुपसत होते. मी कुणाला न विचारता मंचावर चढले. तिचा उजवा हात धरला, उलटा केला, सुलटा केला, बोटं एकेक उघडून बघितली. काही नव्हतं. गुलाबी, घामेजलेला, धडधाकट हात. ना फोड, ना चटका. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच मंचावर, पाहुण्यांच्या पुष्पगुच्छांशेजारी फतकल मारून बसले. हसू आणि रडू एकदम आलं. भाषण करायला उभे राहिलेले गृहस्थ मला वळसा घालून पुढे गेले.

मशाल बादलीतून काढली. वाटीपासून खाली सगळा दांडा काळाठिक्कर. कमळ गेलं, वेल गेली. जाळ मुठीशी आला होता आणि तिथे रंगच नव्हता म्हणून थांबला होता.

जीपमधले साहेब लालबुंद होऊन आले. "हा रंग कुणी लावला?"

मामंजी खुर्चीतून उठले. "मी," ते म्हणाले. मी उठून त्यांच्या आणि साहेबांच्या मधे उभी राहिले. "आणि मूठही यांनीच सोडली," मी म्हटलं. "तुम्हाला आणखी काय विचारायचंय?" ज्योत विझली नव्हती, दिवा लागला होता, टाळ्या चालू होत्या. ते गेले.

घरी आलो आणि सगळे ओट्यावर मिळेल तिथे बसलो. कुणाच्यात त्राण नव्हतं. मामंजी भिंतीकडे तोंड करून बसले होते. भाऊ त्या कळशीकडे बघत होता. तिची मालकीण वाटेत मागे राहिली होती आणि कळशी आमच्याकडे आली होती. लेक बुटांतलं पाणी काढत होती, मिठागरवाल्या मावशीनं ओतलेलं.

शेवटी मी विचारलं, "अगं बये, दांडा पेटला तेव्हा टाकून का नाही दिलीस?"

तिनं वर बघितलं. "टाकायची होती?"

"मग? जाळ हाताशी आला होता तुझ्या!"

"मी शेवटी शेवटी वर बघितलं, तेव्हा पेटलेली होती सगळी," ती म्हणाली. "मला वाटलं, मशाल अशीच जळत असेल. मी कुठे कधी आग नीट बघितलीय, आई?"

भाऊ पहिल्यांदा हसला. मग हे. मग भिंतीकडे तोंड केलेल्या मामंजींचे खांदे हलायला लागले, ते हसत होते की रडत होते कळेना. लेक उठून त्यांच्याजवळ गेली. "आजोबा, हिरवी झालेली ना? फार छान दिसत होती," ती म्हणाली. म्हातारा वळला, तिचा हात हातात घेतला आणि मी मघाशी बघितली तशी तिची बोटं एकेक उघडून बघत बसला.

"चहा हवा आता," हे म्हणाले. मी उठायला लागले.

"बस गं, मी करते," लेक म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. भांड्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आवाज आला. मग डबे सरकवल्याचा आवाज आला. आम्ही सगळे दाराकडे बघत होतो.

मग तिनं दारातून डोकं बाहेर काढलं. जन्मापासून त्या घरात वाढलेली माझी लेक मला विचारत होती, "आई, आपली काडेपेटी कुठे असते?"

"फडताळात," मी म्हटलं. "पापडांच्या डब्यामागे."